अहिपूतना आणि शिशूचे वस्त्र : लंगोट की डायपर?

नांदेड-लातूर परिसरातील वैद्यास बाळंतिणीकडून हा प्रश्न हमखास विचारला जातो : बाळास जुन्या सुती साडीचे लंगोट वापरावेत की बाजारातील डायपर? 'कापूसच उत्तम, ते प्लॅस्टिक टाकून द्या' हे आपले ठरलेले उत्तर. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे, आणि मूळ ग्रंथ पाहिल्यास थोडे घाईचेही वाटते.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमाराची अंथरूण-पांघरुणे मृदू, हलकी, शुचि व सुगंधी असावीत असे सांगून घाम, मल, जंतू व मूत्रपुरीष यांनी दूषित झालेली वर्ज्य मानली आहेत. दुसरी नसतील तर तीच उत्तम धुऊन, धूपन करून, शुद्ध व कोरडी झाल्यावर वापरावीत, अशी सवलतही तेथेच आहे. भर कापडाच्या जातीवर नसून धुण्यावर व वाळण्यावर आहे. सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत सांगितलेल्या अहिपूतनाचा हेतूही तोच : मलमूत्राने लिप्त गुदप्रदेश न धुणे, तसेच स्वेद. त्यातून रक्तकफज कंडू, खाजविल्याने स्फोट व स्राव. वस्त्र कोणतेही असो, ओल व मल टिकले की हेतू घडला.

आता आपल्या भागातील पाण्याचा विचार करू. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी आले. मांजरा धरण आटलेले होते. नवजात बाळाचे दिवसाला दहा-बारा लंगोट धरले आणि ते धुऊन नुसते दोन पाण्यांतून काढावयाचे म्हटले, तरी 15 लिटरच्या तीन बादल्या सहज लागतात. म्हणजे 45 लिटर. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात हे पाणी कोठून यावे? मग लंगोट एकाच पाण्यातून निघतो, साबणाचा अंश राहतो, त्वचेचा दाह होतो आणि दोष मात्र दाताला किंवा दुधाला दिला जातो. शिवाय हे धुणे बहुधा सूतिकेच्याच माथी येते. तिला विश्रांती सांगावयाची आणि धुण्याचा ढीगही द्यावयाचा, ही विसंगती आपणच ओळखावयास हवी.

डायपरमधील सोडियम पॉलिॲक्रिलेट मूत्र शोषून घेते, त्यामुळे त्वचा तुलनेने कोरडी राहते. मलाचा स्पर्श मात्र टळत नाही. दिवसा तीन-चार तासांनी व शौच होताच तो बदलावा. महाग म्हणून सकाळचा डायपर संध्याकाळपर्यंत ठेवणे हे ओल्या लंगोटापेक्षा वाईट, विशेषतः मे महिन्याच्या उकाड्यात. वापरलेला डायपर जाळू नये वा नालीत टाकू नये. 2016 च्या घनकचरा नियमांनी तो गुंडाळून देण्यास सांगितले होते.

लंगोटाचा एक गुण मात्र सहसा सांगितला जात नाही. त्यात मूत्रप्रवृत्ती मोजता येते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, तर स्तन्य अपुरे आहे की उन्हाने जलक्षय झाला आहे, हे तत्काळ पाहावे. डायपरमध्ये ही खूण लपते. शिवाय मराठवाड्याचे ऊन फुकट आहे. ब्रिटनमधील 2008 च्या शासकीय अभ्यासातही कापडी लंगोटाचा पर्यावरणीय लाभ उघड्यावर वाळविणे, एकावेळी पुरेसे कपडे धुणे व दुसऱ्या बाळासही तेच वापरणे यांवर अवलंबून दिसला.

म्हणून सल्ला देण्यापूर्वी विचारावे : घरात पाणी किती दिवसांनी येते? धुणारे कोण? पाणी व हात दोन्ही असतील तर लंगोट. नसतील तर रात्री व टंचाईच्या दिवसांत डायपर सांगण्यात कमीपणा नाही. धुरी वाळलेल्या कपड्यांना द्यावी, बाळाला नव्हे. पावडरही टाळावी.

चिकित्सेत त्रिफळा-खदिर क्वाथाने प्रक्षालन, हलक्या हाताने टिपून कोरडे करणे, काही काळ उघडे ठेवणे व शतधौत घृत पुरेसे होते. सुश्रुतोक्त तुत्थ-हरितालयुक्त लेप तान्ह्या बाळास आज लावू नये. लाली जांघेच्या वळ्यांत शिरली असेल व कडेला सुटे पुरळ असतील तर बुरशीचा संसर्ग समजावा. ज्वर, पू किंवा पसरणारी सूज दिसल्यास बाळास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.