क्वायरची पुस्तिका काढताय? हक्कांचा खर्च आधी धरा

नगरमधल्या एखाद्या मंडळीने नाताळसाठी क्वायरची पुस्तिका काढायची म्हटली, की कागद आणि बाइंडिंगचे दर लगेच काढले जातात. हक्क कुणाचे, हा प्रश्न मात्र प्रुफं आल्यावर निघतो. तेव्हा उशीर झालेला असतो.

बहुतेक गीतपुस्तकांत वर बारीक अक्षरात चाल दिलेली असते आणि खाली शब्द. कायद्याच्या लेखी या दोन वेगळ्या कृती आहेत. त्यावर कुणी चार आवाजांची नवी रचना बांधली असेल, तर तिसरा धनी आला.

रेव्हरंड टिळकांची गीतं घ्या. टिळक 1919 मध्ये गेले. तेव्हाच्या 50 वर्षांच्या मुदतीने त्यांनी प्रसिद्ध केलेले शब्द भारतात 1970 पासून खुले आहेत. म्हणजे खर्च शून्य, पण फक्त शब्दांचा.

‘हाऊ ग्रेट दाऊ आर्ट’चं गणित निराळं. मूळ कविता स्वीडनच्या कार्ल बोबर्ग यांची, चाल तिकडचीच लोकधून; दोन्ही जुन्या. पण इंग्रजी शब्द स्टुअर्ट हाइन यांचे, आणि ते 1989 मध्ये वारले. आपल्याकडे आता निधनानंतर 60 वर्षं, म्हणजे 2049 अखेरपर्यंत हक्क. ब्रिटनमध्ये 70 वर्षं, म्हणजे 2059. अमेरिकेत प्रकाशनापासून 95 वर्षं, म्हणून 1949 च्या छापील प्रतीला 2044. परवानगीचा ठरलेला दर नाही. प्रती किती आणि कोणत्या देशांत जाणार, हे कळवून प्रकाशकाकडून लेखी आकडा मागवा.

उपासनेत गाण्याला आपला कायदा आडवा येत नाही. तिकीट लावलंत तर संगीताच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे चौकशी करा. मात्र गाण्याची मोकळीक म्हणजे झेरॉक्सची मोकळीक नव्हे, आणि इथेच बहुतेक क्वायर फसतात. नफ्यासाठी हक्कभंग केल्यास किमान 50 हजार रुपये दंड आणि सहा महिने कैद आहे.

जुन्या पुस्तकाचं पान स्कॅन करून लंडनच्या भाचीला धाडताना आणखी एक बघा. ब्रिटनमध्ये छापील पानाच्या मांडणीवरही प्रकाशकाचा 25 वर्षं हक्क असतो. भारतात तसा नाही. स्वरलिपी स्वतःच म्यूझस्कोरवर पुन्हा लिहिली, तर ही अडचण मिटते. ते सॉफ्टवेअर फुकट आहे. तुमची स्वतःची नवी रचना असेल तर नोंदणीचे 500 रुपये, तेही ऐच्छिक. हक्क नोंदणीवाचूनही तुमचाच. तरी वर्गणीतून पैसे उरत असतील तर करून टाका, वादाच्या वेळी कागद उपयोगी पडतो. अर्ज ऑनलाइन होतो आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं, म्हणून नाताळआधी प्रमाणपत्र हवं असेल तर पावसाळ्यातच भरा.