एमआरआयमध्ये गरगरतं, ते का?



कल्याण पूर्वेला राहणाऱ्या एका मावशींना मणक्याचा टीबी असावा अशी डॉक्टरांना शंका होती, म्हणून एमआरआय सांगितला. मावशी तपासणी अर्धी सोडून घरी आल्या. मला म्हणाल्या, "ताई, डोळे मिटले की आतल्या आत गरगर फिरायला लागलं. मशीननं डोक्यात काहीतरी केलं. मी परत जायची नाही." शेजारणीनं तर बाहेरचं काहीतरी लागलं असंही सुचवलं होतं.

मावशी खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच गरगरलं होतं. पण त्याचं कारण कानात आहे.

आपला कान फक्त ऐकत नाही, तोलही सांभाळतो. आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोकं वळलं की तो द्रव नळीतला जेलीसारखा पडदा ढकलतो आणि मेंदूला कळतं, आपण वळलो. फुगडी घालून थांबलं तरी घर फिरतं ना? आपण थांबलो तरी नळीतलं पाणी लगेच थांबत नाही, म्हणून.

एमआरआय म्हणजे प्रचंड मोठं चुंबक. त्याची ताकद टेस्लामध्ये मोजतात. नेहमीची मशीन 1.5 किंवा 3 टेस्लाची असतात. 1.5 टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारे तीस हजार पट. कानातल्या द्रवात क्षार असतात आणि त्यांतून अगदी बारीक विद्युतप्रवाह सतत वाहतो. चुंबकाजवळ प्रवाह वाहिला की त्याला धक्का बसतो. मुलांच्या खेळण्यातल्या गाडीची मोटर याच धक्क्यावर फिरते. तसाच हलका धक्का कानातल्या द्रवाला बसतो, पडदा वाकतो आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2011 मध्ये हे दाखवून दिलं. 7 टेस्लाच्या मशीनमध्ये दहा निरोगी माणसांना अंधारात झोपवलं, तेव्हा सगळ्यांचे डोळे आपोआप एका बाजूला सरकत होते. ज्यांच्या दोन्ही कानांची तोल सांभाळण्याची शक्ती गेली होती, अशा दोघांना मात्र काहीच झालं नाही.

हे गरगरणं आत जाताना आणि बाहेर येताना जास्त जाणवतं, आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत जातं. अनेकांना तर जाणवतही नाही.

मग काय करायचं?

• आत डोकं हलवू नका. गरगरलं तर डोळे उघडून एका जागी बघा.
• फारच त्रास झाला तर हातात दिलेला रबरी फुगा दाबा. तंत्रज्ञ तुम्हाला बाहेर काढतील.
• झाल्यावर झटकन उठू नका. दोन-चार मिनिटं बसा, मग चाला. सोबत कोणीतरी न्या.

चुंबकाची खरी भीती वेगळीच आहे. ते कायम चालू असतं. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला. म्हणून मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, केसांच्या पिना, किल्ल्या, मोबाईल सगळं बाहेर ठेवा. सोबतच्या माणसानंही. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, शरीरातला रॉड किंवा तांबी असेल, गरोदर असाल, तर आधीच सांगा. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीत लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंगचं काम केलेल्या भावांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे न विसरता सांगावं. तो कण चुंबकानं सरकला तर डोळा जाऊ शकतो.

आणि एक लक्षात ठेवा. चक्कर तासन्‌तास राहिली, किंवा तिच्यासोबत तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, तर तो लकवा असू शकतो, मग एमआरआय झालेला असो वा नसो. वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

मावशींना हे सगळं फुगडीच्या उदाहरणानं सांगितलं. दुसऱ्या वेळी मी सोबत गेले. त्यांना गरगरलं, पण त्या घाबरल्या नाहीत. तपासणी पूर्ण झाली, टीबीच निघाला आणि सरकारी दवाखान्यातून मोफत औषधं सुरू झाली. मणक्याचा टीबी अंगावर काढला तर पाय कायमचे जाऊ शकतात. दोन मिनिटांच्या गरगरण्यापायी तपासणी सोडू नका.