बाकड्यावरची वाकळ

आमच्या घरात तिला वाकळ म्हणतात. मी पुण्याकडची, मी गोधडी म्हणायची. सासर माण तालुक्यातलं, तिथं वाकळ. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला समोर बसवून सुई हातात दिली होती. अर्धा तास बसले आणि पाठ धरली म्हणून उठले. पंचविशीत कसली पाठ धरते, कंटाळा आला होता. त्यानंतर पंचवीसेक वर्षं सुई घेतली ती शर्टाला बटण लावण्यापुरती.

२०१८च्या पावसाळ्यात ह्यांच्या किडन्यांनी काम सोडलं. हे एसटीत कंडक्टर, सगळी नोकरी गाडीत उभ्यानं झालेली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. मशीनवर चार तास, त्याआधी वजन आणि बीपी, नंतर सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून धरायचं. जाणं-येणं धरून सहा तास. जंतुसंसर्गाच्या भीतीनं नातेवाइकांना आत बसू देत नाहीत, म्हणून आम्ही बाहेरच्या लोखंडी बाकड्यावर. पहिले काही महिने मी त्या बाकड्यावर मोबाईलमध्ये किडनीविषयी सापडेल ते वाचत राहिले आणि रात्रीची झोप घालवली. मग एका शनिवारी सासूबाईंनी पिशवीत, डब्याच्या खाली, जुन्या लुगड्याचे तुकडे, रीळ आणि एक सुई घालून दिली. बोलल्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर मी ते पिशवीतच ठेवलं असतं.

त्या बाकड्यावर आजवर सहा वाकळा झाल्या. तेवढ्यातून जे कळलं ते लिहिते.

१. कधीही सोडता येईल असंच काम धरावं

मी आधी लोकर आणली होती. आतून सिस्टरची हाक आली की धडपडत उठायचं, टाके सलईवरून निसटायचे, परत आल्यावर मोजायचे आणि उसवायचे. वाकळेत मोजायला काही नाही. साधा धावदोरा. हाक आली की सुई कापडातच टोचायची, घडी करायची, उठायचं. तीन दिवसांनी उघडली तरी सुई जिथे होती तिथेच असते. आजाऱ्याच्या घरात सलग असं काही होत नाही, भाजीसुद्धा दोन बैठकांत चिरली जाते. गावाकडच्या बायकांनी हे काम का धरलं असेल ते मला तेव्हा उमगलं. गुरं, पोरं, चूल यांच्यामध्ये जेवढं बसेल तेवढं बसवत गेल्या.

२. कापड जुनंच घ्यावं, आणि सुती

हा सासूबाईंचा नियम. शंभर धुण्यांतून गेलेलं कापड जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं. नवं घातलं तर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि सगळीकडे चुण्या पडतात. सिंथेटिक साडी टाक्याखालून घसरते, शिवाय अंगाखाली घाम जिरत नाही. मी एकदा नायलॉनची एक सुंदर जांभळी साडी मध्ये घातली. ती वाकळ आजही मांजरीकडे आहे.

३. टाका तांदळाएवढा

सासूबाई आता ब्याऐंशीच्या आहेत, नजर अधू. मी घरी आले की वाकळ मांडीवर घेऊन त्या टाक्यांवरून बोट फिरवतात. ‘हितं लांब गेलाय,’ असं म्हणून थांबतात. बहुतेक वेळा त्यांचं बोट थांबतं ती जागा त्या दिवशीची असते ज्या दिवशी ह्यांचा बीपी मशीनवर असताना खाली गेला होता, किंवा पायात गोळे आले होते. मी त्यांना सांगत नाही. त्याही विचारत नाहीत. त्या जागा मी उसवतही नाही.

४. आजाऱ्यासाठी शिवायचं तर आधी आजार समजून घ्यावा

पहिली वाकळ मी हौसेनं चार पदरी केली, मोठी, जड. डायलिसिसमध्ये रक्त नळ्यांतून शरीराबाहेर जाऊन परत येतं, वरून त्या खोलीत एसी, त्यामुळे माणूस कुडकुडतो. मला वाटलं आता पांघरुणाचा प्रश्न मिटला. दहा मिनिटांत सिस्टर ती घेऊन बाहेर आली. कारण ऐकून मला माझीच लाज वाटली.

ह्यांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे. शस्त्रक्रियेनं एक रोहिणी आणि एक शीर एकमेकींना जोडतात, म्हणजे शिरेतून जोरानं रक्त वाहू लागतं, ती फुगते, आणि त्याच शिरेत दर वेळी दोन जाड सुया टोचतात. त्या हाताचा बीपी घ्यायचा नाही, त्यातून तपासणीचं रक्त काढायचं नाही, त्या हातानं जड उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही. तिथं बोटं ठेवली तर आत थरथर लागते. थांब्यावर गाडी उभी असून इंजिन चालू असताना दांडीला हात लावला की लागते ना, तशी. ही उपमा ह्यांचीच. रोज सकाळी ती थरथर आहे ना हे बघायचं. बंद वाटली तर लगेच दवाखाना. आणि मशीन चालू असताना तो हात झाकायचा नाही. चुकून सुई निसटली तर पांघरुणाखाली रक्त जात राहतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून दुसरी वाकळ मी डाव्या अंगाला खांद्यापासून कमरेपर्यंत दीड वीत कमी केली. कापलेल्या कडेला लाल गोट लावला, म्हणजे दुरूनही कळावं की हा हात बाहेरच ठेवायचा आहे. आणि फक्त दोन पदरी, कारण प्रत्येक खेपेनंतर ती धुवावी लागते आणि साताऱ्याच्या आषाढात चार पदरी वाकळ चार दिवस वाळत नाही. तशीच अजून एक केली, एक अंगावर आणि एक दोरीवर.

मग बाकड्यावरच्या बाकीच्या बायका सरसावल्या. कोरेगावकडच्या एका मावशींनी आपल्या मुलासाठी मागितली. मी डावी बाजू कापायला घेतली तर म्हणाल्या, ‘थांबा बाई, माझा पोरगा डावखुरा आहे.’ फिस्टुला शक्यतो ज्या हाताचं काम कमी त्या हातात करतात. त्या मुलाचा उजव्या हातात होता. ती वाकळ उलटी बेतली.

५. मदत मागायची तर सुईएवढी मागावी

मला चाळिशीचा चष्मा असून दोरा ओवता येत नाही. मुलगी तेव्हा बारावीला होती. घरात ‘तुला काही मदत हवी का आई’ हा प्रश्न ती दिवसातून दोनदा विचारायची आणि मी दोनदा ‘नको, तू अभ्यास कर’ म्हणायचे. दोघींनाही त्याचा त्रास व्हायचा. एके रात्री मी तिला म्हटलं, दहा सुया ओवून दे. तिनं दहा सुया ओवल्या आणि साबणाच्या वडीत टोचून ठेवल्या. नंतर ते सोमवार, बुधवार, शुक्रवारचं रात्रीचं कामच झालं. कधी त्या दहा सुयांत दहा रंग असायचे, कधी सगळ्या काळ्या. काळ्या असल्या की मी सकाळी जरा सांभाळून बोलायचे.

आता ती पुण्यात शिकते. सुट्टीला आली की पन्नास सुया ओवून जाते.

६. कुणाचे कपडे फाडताय ते त्याला विचारावं

ह्यांचं वजन उतरलं. पॅन्ट कमरेत राहीना, शर्ट खांद्यावरून लोंबू लागले. मी एका दुपारी दोन जुने खाकी शर्ट उसवायला घेतले. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, ‘जित्या माणसाची कापडं अशी फाडत नसत्यात गं.’ माणूस गेल्यावर त्याच्या धोतराची, सदऱ्याची वाकळ करतात, हे मलाही माहीत होतं. कात्री हातात घेताना मी ते मनात येऊ दिलं नव्हतं. त्यांनी म्हटल्यावर ते खोलीतच येऊन बसलं. दोन दिवस आम्ही एकमेकींशी नीट बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी हे डायलिसिसहून येऊन पडले होते. उशापाशी तो अर्धा उसवलेला शर्ट होता. म्हणाले, ‘बाह्या घे. खिसा तेवढा फाडू नको, सुट्टे पैसे ठेवायचो त्यात.’ मग उठून बसले आणि माझ्याकडून कात्री घेऊन कॉलर स्वतः कापली.

टेरिकॉटची खाकी, म्हणजे सासूबाईंच्या नियमाच्या पार विरुद्ध. तिच्यातून सुई जाता जात नाही, अंगुस्तान घालूनही अंगठा दुखतो. पण खिसा तसाच वर शिवलाय. मशीनवर असताना त्यात ह्यांचा मोबाईल राहतो.

पुढे मुलीनं मला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावच्या गोधड्यांचे फोटो दाखवले. नदीच्या वळणावरचं गाव, गुलामगिरीतून आलेल्या लोकांचं. तिथल्या बायका शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या करत आल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या आणि लोकांनी त्यांना चित्रं म्हटलं. त्यांत मिसूरी पेटवे या बाईंनी १९४२ मध्ये केलेली एक आहे, वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची. गुडघ्याच्या जागचं कापड जास्त गडद राहिलेलं असावं असं वाटत होतं, पण फोन माझ्या हातात फार वेळ थांबला नाही. मी उठून भाजी उकळायला ठेवली.

७. रंग आपण निवडावेत

भाजीवरून आठवलं. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाज्या चिरून उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं. दिवसभरात पाणी किती, तर चहा-आमटी धरून डॉक्टर सांगतील तेवढंच, मापाच्या बाटलीतून. शहाळं नाही. मीठ मोजून. वजन दोन डायलिसिसमध्ये किती वाढावं तेही ठरलेलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, म्हणून आम्ही तरलो. पण कागद कुठला, शिक्का कुठला, तेही दुसरंच कुणीतरी ठरवतं. आठवड्यातल्या कुठल्याही गोष्टीत मला कुणी ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारत नाही, आणि विचारायचं कारणही नसतं.

वाकळेत हिरव्याशेजारी लाल लावायचं की पिवळं, हे मी ठरवते. कधी बाकड्यावर सगळे तुकडे मांडून पाऊण तास नुसती बघत बसते. एक टाका पडत नाही. शेजारच्यांना वाटतं बाई चिंतेत आहे. मी त्या वेळी इतकी मजेत असते की ते कबूल करायलाही चोरटं वाटतं, कारण काचेपलीकडे नवरा मशीनला जोडलेला आहे. ही मजा चुकीची आहे का, याचा मी पुष्कळ विचार केला. मग विचार सोडला आणि पिवळं लावलं.

कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंडी नावाची गोधडी करतात. मूळ आफ्रिकेतून आलेले हे लोक, बोलतात कोंकणीसारखं. कवंडी कडेकडेनं शिवत आत मध्यापर्यंत नेतात आणि चारही कोपऱ्यांना रंगीत कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. त्या फुलांनी ऊब वाढत नाही. ती नसली तर कवंडी उघडीबोडकी समजतात. हे वाचल्यापासून माझ्याही वाकळांना कोपरे आले.

८. ‘मायेची ऊब’ वगैरे

हे शब्द मला आता सोसत नाहीत. ऊब सुताची असते. माया असलेल्या घरातही एसीखाली माणूस कुडकुडतो.

९. धुणं बेताबेतानं

पूर्वी नवरात्राच्या आधी सगळ्या वाकळा गाडीत घालून माहुलीला संगमावर न्यायचो. भिजलेली वाकळ पिळायला दोन माणसं लागतात, एक ह्या टोकाला आणि एक त्या. ह्यांना जड उचलणं बंद, म्हणून २०१९ पासून नदी बंद. मुलगा वॉशिंग मशीनमध्ये घालू म्हणाला. चार पदरीनं मशीनचा पट्टा तोडला. आता बादलीत, एकेक, आणि पिळायची नाही. कठड्यावर तशीच टाकायची, पाणी आपोआप गळतं.

१०. एक वाकळ कुणासाठीच नसावी

‘ही कुणासाठी चाललीय?’ बाकड्यावर बसणारा प्रत्येकजण हे विचारतो. नातवंडासाठी, लेकीसाठी, आजाऱ्यासाठी असं काहीतरी उत्तर असावं लागतं. सहाही वेळा माझ्याकडे उत्तर होतं. सातवीच्या वेळी नव्हतं. ती मी माझ्या जुन्या साड्यांची करते आहे, त्यात लग्नातली एक इरकलही आहे. अंगाला पुरेल एवढी, दोन्ही बाजू सारख्या.

परवा रात्री ती पलंगावर पसरून कच्चे दोरे घालत होते. हे शेजारी आडवे होते.

‘ही कुणाची?’

‘माझी.’

जरा वेळानं म्हणाले, ‘पायावर घेऊ का थोडी? गार पडलेत.’

‘घ्या. सुया आहेत त्यात, सांभाळून.’

त्यांनी कड धरून ती छातीपर्यंत ओढली आणि डावा हात काढून बाहेर ठेवला. घरी त्याची गरज नव्हती.