आधी भांडं, मग चित्र

अकोले, जि. अहिल्यानगर

चि. सायलीस,


तापलेल्या टोकाने नक्षी जाळलेल्या तुझ्या फळ्यांचे फोटो पाहिले. हात छान बसलाय. पण फळीवर बोटभरही जागा कोरी नाही; मग पाहुण्यांपुढे वाढायचं कुठे? फळी आधी भांडं आहे, मग चित्र. जळालेल्या रेघेला बारीक चर पडतो. त्यात चटणी, तूप शिरलं की धुऊनही निघत नाही. म्हणून नक्षी कडेला आणि मुठीवर घे.

लाकूड रेघेकडे बघून निवड. सिसव देखणं, पण गडद. रेघ त्यात बुडते. सागाच्या वलयातला मऊ भाग पटकन जळतो, टणक भाग उशिरा, म्हणून रेघ तुटक येते. आंबा किंवा शिवण फिकट असते, त्यावर बदामीपासून काळ्यापर्यंत छटा उठतात. मात्र वाळलेलंच घे. इंचभर जाडीला वर्षभर सावली, हा जुन्या सुतारांचा हिशेब. ओल्या फळीला बाक येणारच.

प्लायवूड, एमडीएफ किंवा पॉलिश केलेली फळी कधीही जाळू नकोस. त्यातल्या रसायनांचा धूर छातीला घातक. साधं लाकूड जाळतानाही खिडकी उघडी ठेव. सोल्डरिंगला वापरलेलं टोक नकोच, त्याला शिसं चिकटलेलं असू शकतं.

शेवटी खाण्याच्या जवस तेलाचा पातळ हात दे आणि नीट सुकू दे. शेंगदाणा तेल सुकत नाही, खवट होतं. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेलही नको, ते खाण्यासाठी नसतं. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नकोस, आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळव.

आता नक्षी कसली घ्यायची ते. वारली चित्रं सगळेच काढतात. तू आपल्या तालुक्यातल्या रतनवाडीला जा, अमृतेश्वराच्या देवळाच्या दगडातली नक्षी वहीत उतरव. कर्जतजवळच्या रेहेकुरीला, १९८० साली झालेल्या अभयारण्यात, काळवीट बघ. पाठ गडद, पोट पांढरं. पोटाला तापलेलं टोक लावायचंच नाही, कोरं लाकूड तिथे रंगाचं काम करतं. कुठे थांबायचं, हे त्या काळविटाकडून शीक.

पुढची फळी विकण्याआधी महिनाभर घरात वापर. त्यावर भाकरी वाढ, धू, उभी ठेवून वाळव. चिरली नाही, वास आला नाही, तर किंमत सांगताना चाचरू नकोस.

तुझा,
मामा