खापरांची साक्ष

ऐरोलीच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी पसरली आहे. दक्षिणेस घारापुरी बेटापलीकडे ती समुद्रास मिळते. उत्तरेस एका चिंचोळ्या प्रवाहाने ती उल्हास नदीशी जोडलेली आहे आणि त्या नदीवर कल्याण वसले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गवर्णनात कल्याण व सोपारा या बंदरांची नावे येतात. पुढे राज्यकर्ते बदलले आणि कल्याणास चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असेही तो सांगतो. भडोचला परदेशी मद्य खपे. त्यातही इटलीच्या मद्यास विशेष मागणी असे.

ते मद्य केव्हाच संपले; त्याचे कुंभ मात्र फुटूनही उरले. अँफोरा नावाचे हे कुंभ उंच, दोन कानांचे व निमुळत्या बुडाचे असत. जमिनीवर ते धड उभे राहत नसत. परंतु जहाजाच्या तळात दाटीने रचण्यास हाच आकार सोयीचा होता. डॉ. हसमुख सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे उत्खनन केले, तेव्हा समुद्रापासून इतक्या दूर, प्रवरेच्या काठीही, अशा कुंभांची खापरे आढळली.

कुंभ कोणत्या प्रदेशातील आव्यात भाजला, हे खापरावरून कसे ओळखावे? कुंभार सहसा जवळपासचीच माती वापरतो. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरात घडविलेल्या कुंभांच्या मातीत काळी, चकाकणारी वाळू असते. फुटक्या कडेवर तिचे कण नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. तथापि आपले सह्याद्रीचे खडकही ज्वालामुखीचेच! म्हणून केवळ काळ्या रंगावर विसंबून भागत नाही. खापराचा अतिशय पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातील खनिजे पाहावी लागतात.

एवढी खबरदारी न घेतल्याने पूर्वी पुष्कळ घोटाळा झाला. आतून काळा लेप दिसला की खापर रोमन ठरविले जाई. रॉबर्टा टॉम्बर या संशोधिकेने भारतातील अनेक संग्रह पुन्हा तपासले व आपले निष्कर्ष २००७ साली मांडले. रोमन कुंभांना आतून झाडाच्या राळेचा लेप असे. पण यांपैकी बऱ्याच खापरांवरील लेप डांबराचा निघाला. ते कुंभ बिनकानांचे, मेसोपोटेमियाकडचे आणि बहुतांशी रोमन व्यापाराच्या भरानंतरचे होते. खाडीच्या मुखाशी असलेल्या घारापुरीस या दोन्ही जातींची खापरे मिळाली आहेत.