नोकरी नेमकी कधी गेली?

व्हिएन्नाजवळच्या मारिएन्टाल या गिरणीगावात १९३१ साली एक विचित्र गोष्ट दिसत होती. गावातली कापडगिरणी बंद पडली होती. जवळपास सगळं गाव त्या एकाच गिरणीवर जगत होतं, त्यामुळे जवळपास सगळं गाव घरी बसलं होतं. ग्रंथालय मात्र उघडं होतं. पूर्वी पुस्तक घरी न्यायला शुल्क पडायचं, तेही आता माफ झालं होतं. वेळ तर हवा तेवढा. तरीही १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली.

मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल या तरुण संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला. १९३३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. या मंडळींचा एक नियम होता: नुसतं बघ्या म्हणून गावात कोणी वावरायचं नाही. कुणी कपडे गोळा करून वाटले, कुणी शिवणवर्ग चालवला, डॉक्टरांनी रुग्ण तपासले, आणि हे करता करता नोंदी झाल्या. रस्त्याने कोण किती वेगाने चालतं हेही त्यांनी मोजलं. पुरुष वरचेवर थांबत, रेंगाळत. बायका त्यांच्या जवळजवळ दीडपट वेगाने जात. दिवसभरात काय केलं ते तासागणिक लिहून द्या म्हटल्यावर पुरुषांना सकाळचे तीन-चार तास कुठे गेले हेच आठवत नसे. बायकांचा तक्ता भरलेला असे, कारण चूल आणि मुलं बेकार झाली नव्हती.

हे लिहिणाऱ्याच्या हाती ते पुस्तक आलं तेव्हा त्याची स्वतःची नोकरी गेली होती. एका नियतकालिकाच्या संपादकीय विभागातली ती नोकरी. विभागच गुंडाळला गेला. निरोपाच्या बैठकीत आवाज चढले नाहीत, चहा झाला, आणि शेवटी एक वाक्य आलं: ‘परिस्थिती जरा सुधारू दे, पहिला फोन तुम्हालाच.’ बोलणाऱ्याच्या मनात बहुधा खोट नव्हती. पण पुढच्या काळात पगार थांबल्याचा त्रास जेवढा झाला, त्याहून जास्त त्या वाक्याचा झाला. फोन चार्ज आहे ना, रेंज आहे ना, हे बघण्यात सकाळ जायची. गावी जाऊन यावं असं मनात यायचं आणि ‘मधेच बोलावलं तर?’ म्हणून बेत रद्द व्हायचा. नवीन कामासाठी अर्ज करणं जुन्या जागेशी प्रतारणा केल्यासारखं वाटायचं. पुस्तकं घरात होती. उघडली जात नव्हती.

मुंबईच्या गिरणगावाने ही वाट पाहण्याची शिक्षा लाखोंच्या संख्येने भोगली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, काहींनी मोजकीच माणसं परत घेतली, काही कायमच्या बंद पडल्या. लाखभराहून अधिक कामगार बाहेर फेकले गेले, पण त्यातल्या बहुतेकांना ‘आजपासून तुमची नोकरी संपली’ असं कुणी सांगितलंच नाही. साचेखात्यातल्या माणसाला आपण संपकरी आहोत, बेकार आहोत, की काढून टाकलेले आहोत हेच कळेना. गेटवर जाऊन यायचं, सभेला जायचं, मालक-सरकार बोलणी कुठवर आली ते विचारायचं. कोकणात आणि घाटावर ज्यांची थोडीफार शेती होती ते गावी गेले, त्यातलेही कित्येक ‘भोंगा वाजला की कळवा’ असा निरोप ठेवून.

लालबाग-परळच्या चाळींतून वाढलेल्यांना या काळातली दोन तऱ्हेची माणसं आठवतात. पहिल्या पाळीची वेळ झाली की उठून, दाढी-आंघोळ करून गॅलरीत येऊन बसणारी. आणि त्याच पहाटे दुधाच्या पिशव्या टाकायला, पेपरची लाईन लावायला निघणारी. दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांना गिरणीतल्या पगाराच्या जवळपासही पैसे मिळत नव्हते. त्यांची मुलंही सगळी शिकली-सवरली असं नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातलं संपानंतरचं घर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ‘मेहनत केली की सगळं होतं’ हे सांगायला जाऊ नये. पण या दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांच्या दिवसाला सुरुवात होती, शेवट होता, आणि चार दारांत त्यांची वाट पाहिली जात होती.

म्हणून नोकरी गेलेल्या माणसाला पहिला सल्ला द्यायचा तो असा: ती कोणत्या तारखेला गेली हे ठरवून टाका. पत्रात तारीख असेल तर ती, नसेल तर स्वतः एक नेमा आणि घरच्यांना मोठ्याने सांगा. परत बोलावलं तर आनंदच आहे, मग ती नवी नोकरी समजावी. हे लिहिणाऱ्याने बायकोला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला एकत्र बसवून ती तारीख सांगितली, बँकेत किती आहे आणि महिन्याला किती लागतात हेही सांगितलं. मुलीने वहीत बेरीज केली आणि काही खर्चांवर काट मारली, त्यात स्वतःचाही एक होता. त्या संध्याकाळनंतर फोनकडे बघणं कमी झालं.

मारिएन्टालच्या अभ्यासातल्या याहोदा पुढे पुन्हा या विषयाकडे वळल्या. ऑस्ट्रियातून परागंदा होऊन त्या इंग्लंडला गेल्या, आणि त्यांचं ‘एम्प्लॉयमेंट अँड अनएम्प्लॉयमेंट’ हे पुस्तक आलं ते नेमकं १९८२ मध्ये, मुंबईचा संप चालू असताना. नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी नकळत देते, असं त्यांचं म्हणणं: दिवसाला वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून पुरं करायचं उद्दिष्ट, समाजात एक ओळख, आणि हातापायांना नेमाने काहीतरी करायला लावणं. कंटाळवाणी, अपमान करणारी नोकरीसुद्धा हे देते. म्हणूनच नावडती नोकरी गेल्यावरही माणूस कोसळतो आणि आपण का कोसळलो हे त्याचं त्यालाच कळत नाही.

या यादीचा खरा उपयोग असा की पगार मिळायच्या आधीही यातल्या बऱ्याच गोष्टी परत उभ्या करता येतात. हे लिहिणाऱ्याने सुरुवात वेळेपासून केली. सकाळी ठरलेल्या वेळेला कपडे करून घराबाहेर पडायचं आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसायचं. अर्ज, फोन, ईमेल तिथूनच. दुपारी घरी. ग्रंथालय निवडण्याचं कारण साधं होतं: तिथे बसायला पैसे लागत नाहीत आणि ‘हल्ली काय करता?’ असं कुणी विचारत नाही. घरातल्या घरात वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलेलं फार दिवस टिकत नाही, कारण ते मोडलं तर विचारणारं कुणी नसतं.

आणि विचारणारं कुणीतरी लागतं. उद्देश सापडावा म्हणून डायऱ्या लिहिणं, ध्यानशिबिरं, ‘तुमची खरी आवड ओळखा’ छापाची पुस्तकं, हे सगळं त्या काळात समोर येतं आणि त्यात वेळ व पैसा दोन्ही जातात. या लेखकाच्या बाबतीत झालं ते फार लहान होतं. चाळीच्या मंडळाच्या अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवायला माणूस नव्हता. संध्याकाळी सातला जायचं ठरलं. मोबदला नाही. पण एकदा पावसामुळे पोहोचायला उशीर झाला तर दोन मुलं कोपऱ्यावर उभी होती, सर येतात की नाही ते बघायला. आपण नसलो तर कुणाचं तरी अडतं, हे त्या आठवड्यात पहिल्यांदा जाणवलं. पुढे पाठ्यपुस्तकाच्या सरावसंचांचं संपादन करायचं एक छोटं काम मिळालं ते त्याच मुलांपैकी एकाच्या वडिलांमुळे. हे दुसरं घडलं नसतं तरी सातला जाणं तेवढंच मोलाचं होतं, असं आजही वाटतं.

बाईची नोकरी जाते तेव्हा मात्र हाच सल्ला उलटा करावा लागतो. मारिएन्टालच्या बायकांचे तक्ते भरलेले होते ही काही आनंदाची नोंद नाही. नोकरी गेलेल्या स्त्रीचा दिवस रिकामा राहतच नाही. चार दिवसांत घर तो गिळून टाकतं. सासूबाईंचा डॉक्टर, मुलांचा डबा, कामवालीला रजा. सहा महिन्यांनी ती अर्ज करायला बसते तेव्हा घराला तिची सवय झालेली असते. तिने वेळ भरायचा नसून राखायचा असतो, आणि तो राखून देणं हे घरातल्या इतरांचं काम आहे.

बायकांच्या न मोजल्या जाणाऱ्या कामाचं मोठं उदाहरण गिरणगावातच आहे. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका शेकड्यांनी होत्या. त्यांच्या श्रमाला कुणी नोकरी म्हणत नव्हतं. कामगारांचा पगार थांबला की त्यांचा धंदा बसे, वाण्याची उधारी तेवढी चढे. प्रेमाताई पुरव, गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या, यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना स्वतःच्या नावावर कर्जं मिळवून दिली. गिरण्या गेल्या तरी मंडळ राहिलं, आणि त्या बायकांच्या हातातल्या स्वयंपाकाच्या कसबाला गिरणीबाहेरचंही गिऱ्हाईक मिळालं. एकेकटीने हे झालं नसतं.

आता कागदपत्रांचं. मन थाऱ्यावर नसतानाच हे करावं लागतं, म्हणून सोबत कुणीतरी शांत डोक्याचं घेऊन जावं. पुष्कळ ठिकाणी कपात करताना राजीनामा लिहून मागतात. हे लिहिणाऱ्याकडूनही मागितला गेला होता. सही करण्याआधी एक रात्र मागून घ्यावी आणि कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवावा. कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ म्हणून बसणाऱ्याला, वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर, कपातीच्या वेळी महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार मिळायला हवा. आपणहून राजीनामा दिल्याचं कागदावर आलं की हा दावा लंगडा होतो. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली असतील तर राजीनामा दिला काय किंवा काढलं काय, ती मिळते, आणि मालकाने ती तीस दिवसांत द्यायची असते. भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम गरजेपुरती काढावी, पण पेन्शनचा भाग उचलताना थांबावं. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. आधीच पैसे काढले की तोवरची सेवा मोजणीतून जाते, स्कीम सर्टिफिकेट घेतलं तर पुढच्या नोकरीतल्या वर्षांत मिळवता येते. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विम्यात) नाव असलेल्यांसाठी २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे: जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी कमाईच्या निम्म्यापर्यंत. तिचे अटी-नियम बदलत आले आहेत, तेव्हा शाखा कार्यालयात जाऊन विचारावं. कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक वेळा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, आणि घरात मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण असतील तर सगळ्यात आधी तोच बघावा.

अशा दिवसांत भेटायला येणारे हमखास दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगतात. छापखान्यातल्या भागीदारांशी बिनसलं, हातातला धंदा गेला, ख्रिस्ताचा चित्रपट पाहिला, डोळ्यांची दृष्टी काही काळ गेली, विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं, आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण सांगणारे मधली वर्षं एका दमात ओलांडतात, आणि सरस्वतीबाईंना तर विसरतातच. फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे त्यांनी केलं. महिन्याभरापूर्वी नोकरी गेलेल्या माणसाला ही गोष्ट सांगितली तर त्याला एवढंच ऐकू येतं की आपल्यात ती धमक नाही. त्याला त्या वेळी फाळके व्हायचं नसतं. घरभाडं भरायचं असतं.

अशा माणसाला भेटायला जावं ते काम घेऊन. ‘काही कळलं का?’ विचारण्याऐवजी ‘सोसायटीच्या हिशेबाची वही तपासून देतोस का?’ असं विचारावं. ओळखीच्या ठिकाणी शब्द टाकणार असाल तर टाकून झाल्यावर सांगावं, आधी नाही, कारण ‘टाकतो शब्द’ म्हणणाऱ्या प्रत्येकाची तो माणूस वाट पाहत बसतो. त्याला लग्नकार्याचं बोलावणं द्यायला चुकू नये. आहेराच्या पाकिटापायी तो येणार नाही असं वाटत असेल तर कामाला म्हणून दोन दिवस आधी बोलवावं.

झोप उडणं, जेवण तुटणं, माणसं टाळणं हे काही आठवडे चालतं. ते कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, किंवा आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल असा विचार एकदा जरी मनात आला, तर घरातल्या एकाला त्याच दिवशी सांगावं आणि १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करावा. सरकारची ही सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि ती रात्रीही चालू असते.