होमाची राख आणि आपली तुळस

॥ श्री गुरवे नमः ॥



आज एक चूक कबूल करायची आहे, आमचीच. पौर्णिमेच्या होमाची राख पायाखाली येऊ नये म्हणून आम्ही ती तुळशीवृंदावनात घालत होतो, उरलेली समोरच्या हिरवळीवर. चांगली दोन वर्षं! भावना शुद्ध होती. पण तुळशीची कोवळी पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. आम्हाला वाटलं कमी पडतंय, म्हणून आणखी घातली.

राख अल्कधर्मी असते. कोकणातली जांभ्याची माती आंबट, तिथल्या वहिनींनी चिमूटभर घातली तर झाडाला मानवते. आपल्या हुबळीची काळी माती मुळातच अल्कधर्मी, बऱ्याच ठिकाणी चुनखडीची. तीत राख पडली की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. म्हणून ग्रुपवर 'राख घाला, चुना घाला' असं आलं की लगेच करू नका.

*आधी माती बघा.* चमचाभर वाळलेली माती बशीत घ्या, वर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर चुना आहे, राख नकोच. नाही फसफसली तरी घाई नको. धारवाडच्या कृषी विद्यापीठात माती तपासून मिळते.

आम्ही काय केलं? वरची चार बोटं माती काढली, शेणखत आणि पाल्याचं खत भरलं, पाणी कमी केलं. काळी माती पाणी धरून ठेवते, रोज तांब्याभर ओतायची गरज नसते. दोन महिन्यांनी तुळशीला हिरवी पालवी आली. हिरवळीवरचे दोन डाग मात्र अजून तसेच आहेत. होमाची राख आता कपाळाला लावण्यापुरती ठेवतो, बाकीची तांब्या-पितळेची भांडी घासायला.

स्वयंपाकघरातलं चालतं ते असं. चहाचा चोथा धुऊन (साखर राहिली तर मुंग्या येतात) पातळ पसरावा. तांदळाचं धुवण त्याच दिवशी घालावं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात चमचाभर पातळ साबण, संध्याकाळी फवारा, सकाळी साध्या पाण्याने धुवा. कपड्यांची पावडर नको, तिच्यात सोडा असतो. पानांवर पांढरी भुरी आली तर एक भाग दूध, नऊ भाग पाणी फवारा. हे नुसतं आजीबाईंचं नाही. ब्राझीलच्या बेटिओल यांनी १९९९ साली झुकिनीच्या वेलांवर दूध वापरून भुरी आटोक्यात येते हे दाखवलं होतं.

आणि फरशीच्या फटीतलं गवत मारायला मीठ? अजिबात नको. पावसात ते वाफ्यात उतरतं आणि काळी माती दगडासारखी घट्ट होते. गवत हातानेच उपटा, नाहीतर उकळतं पाणी ओता.

पुढच्या गुरुवारी येताना वृंदावनातली मूठभर कोरडी माती कागदात बांधून आणा. व्हिनेगर आम्ही आणतो.